कोऱ्या जागेखालची सही

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाई लई फटकळ हाय. हाय मी फटकळ. बोरतळ्याची सरपंच झाले तेव्हा पहिल्याच ग्रामसभेत उभी राहून म्हणलं होतं, माझ्या सहीशिवाय या गावात पान हलायचं न्हाय. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे मालक मागं बसून खाली मान घालून हसत होते. मालकांचं नाव श्रीमंत, ते नावापुरतंच. चिंचोळी एमआयडीसीत कामाला हायत, आठवड्याला घरी येतात. त्या दिवशी घरी आल्यावर म्हणाले, "विजे, एवढं मोठं बोलू न्हाय. उद्या कुणीतरी धरून ठेवंल." मी त्यांना गप बसवलं. पण माणसानं बरोबर सांगितलं होतं.

आता ठराव बही म्हंजे काय, ते ज्यांना ठाव न्हाय त्यांच्यासाठी सांगते. दर महिन्याला पंचायतीची सभा व्हायला पायजे. सदस्यांनी बसायचं, बोलायचं, ठरलं ते बहीत लिहायचं आन् लिहिलेल्याच्या खाली सह्या करायच्या. हा झाला कायदा. आमच्याकडं चालायचं ते असं, की शिपाई प्रभु बही पिशवीत घालून फटफटीवर निघायचा. कुणी रानात, कुणी सांगोल्याच्या बाजारात, जिथं गाठ पडंल तिथं सही. वर अर्धं पान कोरं, खाली सह्या. मग ग्रामसेवक, गावाचे भाऊसाहेब, सवडीनं त्या कोऱ्या जागेत ठराव लिहायचे. याला 'जागा सोडून सही' म्हणतात आन् कुणाला त्यात काय वावगं वाटत न्हाय.

मला वाटलं होतं. पहिलं वर्षभर मी एकही कोरी सही केली न्हाय. सदस्यांना रानातनं हाका मारमारून बसवलं. माझ्या सख्ख्या भावानं त्याच्या पोराला, ऋतुराजला, आमच्या गावचा रहिवासी दाखला मागितला होता, भरतीसाठी. पोरगं राहतंय पंढरपूरला. मी म्हणलं, दादा, न्हाय जमायचं. तेव्हापासनं दादा माझ्याशी बोलत न्हाय. भाऊबीजेला मी ताट करून बसले होते, आला न्हाय. लई रडले, पण दाखला दिला न्हाय ते दिला न्हाय.

अशी मी. आन् तीच मी दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात डाळिंबाच्या तोडणीला बांधावर उभी होते. व्यापाऱ्याची गाडी लागलेली, बायका निम्म्याच आलेल्या, आन् तेवढ्यात प्रभु बही घेऊन आला. म्हणाला, भाऊसाहेबांनी सांगितलंय, किरकोळच हाय, दिवाबत्तीचं आन् नळाचं. बाकीच्यांच्या झाल्यात, तुमचीच राहिलीय. मी त्याला चार शिव्या हासडल्या. आन् मग क्रेटवर बही ठेवून चार पानांवर चार सह्या ठोकल्या. फुटक्या डाळिंबानं हात लाल झालेले. प्रत्येक पानाच्या कडंला अंगठ्याचा डाग उठला. शेण खाल्लं मी. दुसरा शब्दच न्हाय त्याला.

मार्चात एके दिवशी सकाळी केरामावशी दारात आली. केराबाई साठीच्या पुढची, नवरा जाऊन दहा वर्षं झाली, गुंठाभर जमीन न्हाय. बिरोबाच्या देवळामागच्या गायरानावर तिची मेंढरं चरतात. तिचीच न्हाय, गावातल्या सतरा घरांची. ती उंबऱ्याबाहेरच बसली आन् म्हणाली, माळावर माणसं आलीत, फक्कीनं पांढऱ्या रेघा मारतायत, मेंढरं हाकला म्हणतायत. तितं सोलर बसायचंय म्हणं. गावानं जमीन द्यायचं कबूल केलंय, आता तारेचं कुंपण पडणार.

"कुणाची टाप हाय?" मी ओरडले. "कुणी कबूल केलंय?"

केरामावशी म्हणाली, "कागदावर तुझी सही हाय म्हणत्यात की गं."

मी तशीच चपला घालून पंचायतीत गेले. बही काढायला लावली. ठराव क्रमांक अकरा, वीस जानेवारीची सभा. गायरान सौर प्रकल्पाला द्यायला ग्रामपंचायतीची हरकत न्हाय, सूचक शहाजी, सर्व सदस्य हजर, ठराव एकमतानं मंजूर. आन् खाली माझी सही. घाईत शेवटचा फराटा वाकडा गेलेला. कडंला डाळिंबाचा डाग, आता काळपट पडलेला. वीस जानेवारीला सभा सोडा, पंचायतीचं कुलूपसुद्धा उघडलं नव्हतं. मी ते पान दोनदा वाचलं. मग पाणी मागितलं आन् प्यायलेच न्हाय.

शहाजी म्हंजे आमचा उपसरपंच. त्याच्या मेहुण्याच्या गाड्या त्या कामावर लागणार होत्या, हे मागनं कळलं. आन् लिहिणारे भाऊसाहेब, म्हंजे ग्रामसेवक निंगप्पा. मैंदर्गीचे. घरात कानडी, पंचायतीत मराठी. मेअखेर निवृत्त होणार होते. मी त्यांना एवढं बोलले एवढं बोलले, की प्रभु दार लावून बाहेर जाऊन उभा राहिला. भाऊसाहेब खुर्चीत आक्रसून बसले होते. शहाजीनं त्यांना सांगितलं होतं, सरपंचांना सगळं माहीत हाय, तुमी लिवून टाका. त्यांनी मला एक फोन केला नव्हता. का केला न्हाय, विचारलं, तर म्हणाले, "भ्यालो ताई. पण सही तुमचंच आहे की. खोटं सही मी जन्मात केलं न्हाई."

हेच तर दुखणं होतं.

आमी गावानं जिल्ह्याला तक्रार केली. सोलापूरला सुनावणी लागली, तीन एप्रिलला. तोवर माळावरचं काम थांबलं होतं, पण ते सुनावणीपुरतंच. ठराव टिकला तर कुंपण पडणार आन् सतरा घरांची मेंढरं विकायला निघणार. सांगोल्यासारख्या भागात दुसरं चरायला हाय काय? दगडं?

मी वकिलाकडं गेले. माणूस हुशार. सगळं ऐकून घेतलं, सहीचा फोटो बघितला आन् म्हणाला, लई सोपं हाय. ही सही माझी न्हाय, एवढंच म्हणायचं. फराटा वाकडा हायच. सही खोटी ठरली की ठराव गेला, ग्रामसेवक आन् उपसरपंच फौजदारीत अडकले, गायरान वाचलं आन् तुमचं पदही. मी विचारलं, आन् खरं सांगितलं तर? तो म्हणाला, खरं सांगितलं तर तुमी कोऱ्या पानावर सह्या करता हे सिद्ध होणार. पदावरनं काढणार तुमाला. पुढं उभंही राहता येईल का, सांगता येत न्हाय. आन् एवढं करून ठराव पडंलच याची हमी न्हाय, कारण सभा झाली म्हणून सात सदस्यांच्या सह्या हायत. त्यानं माझ्याकडनं 'ही सही माझी न्हाय' हे वाक्य दोनदा म्हणवून घेतलं. साक्षीत अडखळायला नको म्हणून.

घरी आल्यावर शहाजी ओट्यावर बसलेला. गोड आवाजात म्हणाला, वैनी, सभा झाली म्हणा की. सगळेच सुटू. तुमचंही नाव राहील, गावाला सोलरची कामं मिळतील. मी म्हणलं, चहा झाला का? तो म्हणाला, न्हाय. मी म्हणलं, होणारबी न्हाय, उठा. तो गेला. शहाजीला न्हाय म्हणायला मला काय लागत न्हाय. माझं खरं अवघड पुढंच होतं.

कारण दुसऱ्या दिवशी केरामावशी आली. सोबत चार बाया. वकिलाचं म्हणणं गावभर झालं होतं. मावशी माझ्यापुढं पदर पसरून बसली. माझी सासू गेली तेव्हा मला भाकरी करून घालणारी बाई ती. तिनं पदर पसरावा आन् मी बघत राहावं?

ती म्हणाली, "विजे, एक खोटं बोल. एकच. माझ्यासाठी बोल."

मग तिनं मला मेंढरांची नावं सांगितली. कुठली गाभण हाय, कुठलीचा पाय अधू हाय. त्या बायांमधली एक म्हणाली, तुमाला खऱ्याची लई हौस हाय वैनी, पण मेंढरं आमची जायाची हायत. खरं होतं तिचं. माझ्या खरेपणाचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर पडणार होतं. मी म्हणलं, मला विचार करू द्या. त्या गेल्या.

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, मी खोटं बोलायची तयारीच केली. दुपारी गोठ्यात उभी राहून म्हणून बघितलं, ही सही माझी न्हाय. अडखळंल म्हणलं होतं, पण कसलं काय. एकदा म्हणलं, दोनदा म्हणलं, तिसऱ्यांदा तर इतकं सुरेख आलं की मलाच खरं वाटलं. आन् तिथंच मी चरकले. दादाच्या दाखल्याला मी न्हाय म्हणलं, कारण ते खोटं दुसऱ्याचं होतं. माझ्यावर वेळ आली तर तीन वेळात पाठ. आन् त्या खोट्यात भाऊसाहेब सही बनवणारा ठरणार होता. त्यानं पाप केलं होतं, व्हय. पण ते पाप केलं नव्हतं. त्याचं अर्धं पान त्यानं काळं केलं, पण खालचं अर्धं मी त्याला सही करून दिलं होतं.

पहिल्यांदा मी रागानं न्हाय, शांत डोक्यानं ठरवलं, खरंच सांगायचं. आन् मग बसून नीट आठवलं. क्रेटवर मी चार सह्या केल्या होत्या. दिवाबत्ती एक, नळ एक, गायरान एक. मग चौथं पान कुठं हाय?

मी पंचायतीत जाऊन बही पुन्हा चाळली. चौथं पान होतं. अकराव्या ठरावाच्या पुढं दोन पानं सोडून. वर सगळं कोरं. खाली सात सदस्यांच्या सह्या, माझी सही आन् डाळिंबाचा तोच डाग. भाऊसाहेबांनी पुढच्या गरजेला राखून ठेवलेलं. मी त्यांना म्हणलं, भाऊसाहेब, या पानावर आता एक अक्षर लिहिलंत तर मी हितंच बसून राहीन. बही पेटीत बंद करून सील लावायला लावलं, प्रभुच्या आन् दोन बायांच्या समोर.

मग त्यांना म्हणलं, मी सोलापुरात माझ्याबद्दल खरं सांगणार हाय. तुमच्याबद्दलबी खरंच सांगणार. जास्त न्हाय, कमी न्हाय. तुमाला बुडवणार न्हाय आन् वाचवणारबी न्हाय. ते चष्मा पुसत बसले.

केरामावशीला सांगायला मी स्वतः गेले. माळावरच होती. म्हणलं, मावशी, माझ्याच्यानं न्हाय व्हायचं. पण ठराव पाडायला मी जीव टाकीन. तिनं तोंड फिरवलं आन् मेंढरांकडं बघून तोंडानं आवाज करत राहिली. तिचं चुकत नव्हतं.

तीन एप्रिलला सोलापुरात ऊन असं होतं की स्टँडवरनं रिक्षात बसेपर्यंत जीव घाबरा झाला. मालकांनी रजा काढली होती. कार्यालयाच्या जिन्यात वकील भेटला. मी त्याला सांगितलं, ते वाक्य मी म्हणणार न्हाय. तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी भर बाजारात डोक्यावरची घागर फोडली. म्हणाला, मग मी कशाला आलोय? मी म्हणलं, ऐकायला. मालक खाली बघून हसले, ग्रामसभेतल्यासारखंच.

आत सुनावणी घेणारे साहेब, त्यांच्या पुढ्यात आमची सीलबंद पेटी, शहाजी आन् त्याचा वकील, भाऊसाहेब, सहा सदस्य. मागच्या बाकड्यावर केरामावशी आन् बाया. साहेबांनी ठरावाची झेरॉक्स माझ्यापुढं सरकवली आन् विचारलं, ही सही तुमची आहे का.

मी म्हणलं, "व्हय साहेब, माझीच हाय. पण मी सही केली तेव्हा वर काहीच लिवलेलं नव्हतं."

मागनं केरामावशीचा श्वास सोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी थांबले न्हाय. सगळं सांगितलं. तोडणी, क्रेट, चार पानं, हाताला लागलेला रस. म्हणलं, दिवाबत्तीचं पान काढा, त्यावर डाग हाय. नळाचं काढा, त्यावर हाय. या ठरावावर हाय. तीन सभा तीन वेगळ्या महिन्यांत झाल्या म्हणून लिवलंय, आन् जानेवारीत आमच्या बागेत एक डाळिंब नव्हतं. मग आता पुढचं कोरं पान काढा. त्यावर अजून ठरावच न्हाय, पण सात सदस्यांनी तो एकमतानं मंजूर केलाय. आन् मीबी.

साहेबांनी पेटीचं सील तोडून बही काढली, तीनही डाग बघितले आन् ते कोरं पान उघडलं. एकेका सहीवर बोट ठेवलं. मग सहा सदस्यांकडं बघितलं. एकानंही मान वर केली न्हाय. वकिलाचं ऐकून सही नाकारली असती, तर तीच सही असलेलं हे पान मला दाखवताच आलं नसतं. हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं, आधी न्हाय. उगीच शहाणपणाचा आव आणत न्हाय मी.

शहाजीचा वकील उठला. म्हणाला, "न वाचता, कोऱ्या कागदावर सह्या करणारी बाई सरपंच म्हणून लायक आहे का, हे तुम्हीच सांगा."

मी म्हणलं, "त्या दिवशी नव्हते. त्याची जी शिक्षा असंल ती मला द्या. मेंढरांना देऊ नका."

मग साहेबांनी भाऊसाहेबांना विचारलं, वीस जानेवारीला सभा झाली होती का. भाऊसाहेब उभे राहिले. शहाजी त्यांच्याकडं टक लावून बघत होता. हा माणूस आता 'झाली' म्हणाला तर बुडालंच सगळं. भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्यावर सही बनवल्याचा आळ घातला असता, तर त्यांना जीव वाचवायला शहाजीलाच चिकटावं लागलं असतं. ते खाकरले.

"झाली न्हाई साहेब," ते म्हणाले. "मी घरी बसून लिहिलं."

एवढंच बोलले आन् खाली बसले. मी माझी पाण्याची बाटली पुढं केली. ती त्यांनी घेतली.

तीन आठवड्यांनी आदेश आले. एक गायरानाचा, ठराव रद्द. दुसरा माझा, कर्तव्यात कसूर केल्याबद्दल पदावरनं कमी. भाऊसाहेबांची चौकशी लागली, निवृत्ती अडकली, त्यांच्या जागी नवा ग्रामसेवक आला. सदस्यांना नोटिसा गेल्या, शहाजीलाबी. पण त्याचा निकाल लागेपर्यंत कायद्यानं उपसरपंच म्हणून गावाचा कारभार त्याच्याकडंच आला. बघा म्हंजे गंमत. मी आदेश वाचला, घडी घातली आन् भांडी घासायला बसले. रडले का? रडले की. पद मला आवडत होतं. लोकांच्या अडल्या कामाला धावून जायला आवडत होतं. उगीच कशाला न्हाय म्हणू.

एक मेला ग्रामसभा होती, बिरोबाच्या देवळापुढं. शहाजी खुर्चीवर. मी सतरंजीवर, बायांच्यात. केरामावशी माझ्या शेजारी येऊन बसली. सुनावणीपासनं ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. आताबी बोलली न्हाय, नुसती जरा सरकून तिनं मला सावलीत घेतलं.

सभा लवकर आटपली. शहाजीनं भराभरा विषय सांगितले, मंजूर मंजूर म्हणला आन् प्रभुला खूण केली. प्रभु बही आन् शाईचा पॅड घेऊन बायांच्यात आला. पहिली केरामावशीच बसलेली. तिला लिहिता-वाचता येत न्हाय, आजवर प्रभुनं अंगठा धरायचा आन् तिनं टेकवायचा. प्रभुनं सवयीनं तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला आन् पदराखाली दडवला.

"वरची जागा मोकळी हाय का भरलेली?" तिनं विचारलं.

प्रभु म्हणाला, "मावशी, लिवतील की नवे भाऊसाहेब मागनं."

"मग अंगठाबी मागनंच."

शहाजी खुर्चीवरनं म्हणाला, म्हातारे, सगळ्यांचा खोळंबा करू नको, ऊन वाढतंय. केरामावशीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा न्हाय. तिनं बही ओढून माझ्या मांडीवर ठेवली.

"माझी हितं बसलीय वाचणारी," ती म्हणाली. "आधी लिवा. मग ही वाचंल. मग बगू."

तिच्यामागं बसलेल्या बायांनी एकेक करून हात पदराखाली घातले. शहाजी एकदा माझ्याकडं बघत होता, एकदा त्यांच्याकडं. शेवटी नव्या ग्रामसेवकानं पेनाचं टोपण काढलं आन् खाली सतरंजीवर आमच्या समोर येऊन बसला. लिहायला त्याला पाऊण तास लागला. कुणी उठलं न्हाय.